काटा कोण तपासतो?

१/ संगणकाच्या इतिहासावरचे बहुतेक लेखन जन्मतिथीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अमुक साली अमुकाने अमुक साधन रचले; पुढे काय झाले, याचा पत्ता नाही. ही रीत इतिहासाची नव्हे, बारशाची आहे. तिला माझा आक्षेप आहे, आणि तो लासलगावात बसून नोंदवतो आहे, त्यालाही कारण आहे.

२/ आमची बाजार समिती १९४७ ची. कांद्याचा लिलाव पाहायला लोक लांबून येतात, ट्रॅक्टरांच्या रांगांची छायाचित्रे काढतात. लिलावानंतर गाडी भुईकाट्यावर चढते, तिथे कोणी कॅमेरा नेत नाही. पण काटाच खोटा असेल, तर बोलीत मिळालेल्या भावाला काय अर्थ उरतो?

३/ संगणकांच्या जाळ्यातला असाच एक काटा म्हणजे टीसीपीडम्प. तारेतून जाणारे माहितीचे तुकडे, अर्थात पॅकेट, जसेच्या तसे पकडून वाचून दाखवणारे साधन. १९८८ च्या सुमारास व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ते लिहिले. त्यातला पॅकेट पकडणारा भाग, लिबपीकॅप, पुढे वायरशार्कसारख्या साधनांचाही आधार झाला. जन्मकथा एवढीच.

४/ खरा इतिहास यानंतरचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या कार्यप्रणालींबरोबर निरनिराळ्या प्रती फिरत होत्या. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या प्रतीत नाही. पोथ्यांचे काम करणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठभेद जुळवण्याचे भांडारकर संस्थेचे काम १९१९ ला सुरू झाले आणि १९६६ ला पुरे झाले. सुकथनकर १९४३ मध्येच गेले. धुरा बेलवलकरांनी आणि पुढे वैद्यांनी वाहिली. टीसीपीडम्पच्या विखुरलेल्या दुरुस्त्या एका जागी आणण्याचे काम १९९९ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि बिल फेनर यांनी हाती घेतले. (व्यासांची संहिता निदान वाढायची थांबली आहे. जाळ्याचे नवे नियम मात्र निघतच राहतात.)

५/ नोव्हेंबर २००२. प्रकल्पाच्या सर्व्हरवर घुसून कोणीतरी मूळ संहितेतच भेसळ केली. ती प्रत उतरवून घेऊन जो बांधील, त्याच्या संगणकात एक छुपा प्रोग्राम शिरे आणि १९६३ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेर संपर्क साधे. याहून धूर्त भाग लिबपीकॅपमध्ये होता: नेमकी याच पोर्टची वाहतूक पकडूच नये, अशी तजवीज त्यात करून ठेवली होती. चोराने काटा शाबूत ठेवला. आपली गाडी तेवढी त्यावर दिसू दिली नाही. हे उघडकीस आले ते काही चौकस वापरकर्त्यांच्या नजरेमुळे.

६/ चालते आहे तोवर संहितेला हात कशाला लावायचा, असे म्हणणाऱ्यांनी २०१७ कडे पाहावे. त्या वर्षीच्या ४.९.२ या आवृत्तीत सुरक्षेच्या सुमारे ९० त्रुटी दुरुस्त झाल्या. त्यांची जात बहुधा एकच: पॅकेट स्वतःची जी लांबी सांगते ती खरी मानून संहिता हद्दीपलीकडची मेमरी वाचत होती. पॅकेट अनोळखी माणसाकडून येते, ते खोटे बोलू शकते. म्हणून ते उलगडणाऱ्या संहितेने पावलोपावली आधी मोजायचे आणि मग वाचायचे. हे काम संपत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही.

७/ यावर उत्तर ठरलेले: ही तर देखभाल झाली, इतिहास घडवणारे वेगळे. ठीक. मग राजवाड्यांनी कोणते राज्य स्थापले? त्यांनी कागद शोधले, जपले, पारखले, १८९८ पासून साधनांचे खंड छापले, आणि त्यांच्यापुढे आपण आजही नतमस्तक होतो. गाय हॅरिस यांनी वर्षानुवर्षे टीसीपीडम्पची संहिता सांभाळली आहे. त्यांचे नाव आपल्या कोणत्या थ्रेडमध्ये आले आहे?