पाच रात्रींचे बिऱ्हाड

मराठीतल्या ‘हॉटेल’ या शब्दाची एक गंमत आहे. साहेबाच्या भाषेत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्याकडे मात्र ते आधी चहा-भज्यांचे ठिकाण. “आज हॉटेलात जाऊ या,” असे म्हटले की घरातली मुले मसाला डोशाची स्वप्ने पाहू लागतात. गादी-उशीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. राहण्याच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो आणि तिच्या दारावर पाटी लावतो : ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. या पाटीतला ‘सोय’ हा शब्द मला फार आवडतो. चैन नव्हे, थाट नव्हे, सोय! आणि मुक्काम करण्याला आपले क्रियापद आहे ‘उतरणे’. “कुठे उतरलात?” या दोन शब्दांत गाडीतून उतरणे आहे, डोक्यावरचे ओझे उतरणे आहे, आणि प्रवासाचा शीण उतरणेही आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. आत्याकडे, मावसभावाकडे, गाववाल्याकडे. आणि यांपैकी कोणीच नसले तर धर्मशाळेत. पैसे मोजून खोली घ्यायची ही कल्पनाच आपल्याला थोडी परकी. वास्तविक तिला कमीपणा येण्याचे काही कारण नाही. सराया चालवणाऱ्यांनी नाव नोंदवावे, जागा स्वच्छ राखावी, यासाठी १८६७ साली कायदा झाला. क्रॉफर्ड मार्केटपाशी सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. परंतु लोकमान्यांची गोष्ट वेगळी आणि आपली वेगळी. नातेवाईक हाकेच्या अंतरावर असताना लॉजमध्ये राहिलो, तर चार माणसे काय म्हणतील?

हा प्रश्न गेल्या मे महिन्यात आमच्या घरी उभा राहिला. आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात. एका अंगाला वसईची खाडी, तिच्या काठची चौपाटी, आणि नायगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या पुलावरून अहोरात्र धडधडणाऱ्या गाड्या. एके काळी भाईंदर म्हटले की मिठागरे डोळ्यांपुढे येत. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि मिठाइतकीच माणसेही दाटली. अशाच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे घर. खालच्या गृहस्थांच्या छतातून पाणी ठिबकू लागले. पावसाळ्यापूर्वी न्हाणीघर आणि संडास दोन्ही फोडून जमिनीत पाणी मुरणार नाही असा थर घालणे भाग होते. कंत्राटदार म्हणाला, “ताई, पाच दिवस लागतील. त्यात दोन दिवस नुसते पाणी भरून ठेवायचे.” घरात आम्ही चौघे : हे, मी, बारावीला गेलेली मुलगी आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई. एखादा दिवस शेजाऱ्यांच्या दारी काढता येतो; पण रात्री दोनदा उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने शेजाऱ्यांची कडी कशी वाजवायची?

नातेवाईकांना फोन झाले. एकाकडे परीक्षा, दुसऱ्याकडे रंगकाम. तिसऱ्याने मोठ्या मायेने सांगितले, “वहिनी, हल्ली तुमच्याकडे लॉज काय सुंदर झालेत म्हणे!” हा तिसरा म्हणजे सासूबाईंचा सख्खा पुतण्या. गिरगावातल्या त्यांच्या दीड खोलीत राहून तो दोन वर्षे शिकला होता. ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

तेव्हा आम्ही आमच्याच गावात लॉज शोधू लागलो, आणि पहिल्याच ठिकाणी अडखळलो. गल्ल्यावरच्या तरुणाने ह्यांचे आधार कार्ड पाहिले आणि परत केले. “लोकल आयडी चालत नाही, साहेब.” म्हणजे नागपूरचा माणूस भाईंदरला राहू शकतो, भाईंदरचा माणूस राहू शकत नाही! पाहुण्यांची ओळख पटवून नोंद ठेवावी, हा नियम समजतो. पण गावातल्या माणसाला खोली नाकारावी ही लॉजवाल्यांनीच पाडलेली रीत आहे. झंझट नको, एवढाच तिचा अर्थ. तिसऱ्या ठिकाणी वयस्क मालक स्वतः बसले होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले, कंत्राटदाराचा कागद पाहिला आणि म्हणाले, “आजींना तळमजल्याची खोली देतो.” इतकी कागदपत्रे दाखवून जे झाले नाही, ते एका पांढऱ्या अंबाड्याने केले.

आता वाचकहो, पाच रात्रींच्या अनुभवावर आणि त्याआधी पाहिलेल्या सात-आठ खोल्यांवर आधारलेले चार शब्द सांगते. आपणांपैकी कोणी लग्नाला, कोणी मुलीच्या परीक्षेला, कोणी इस्पितळाच्या कामाला मुंबईकडे येणार. त्यांच्या उपयोगी पडावेत.

पहिली गोष्ट : फोनवरच्या चित्रांवर भाळू नये. त्या चित्रांत आठ फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. पैसे देण्याआधी खोली पाहावी, आणि पाहायला गेल्यावर प्रथम खिडकी उघडावी. कित्येक खिडक्या उघडतच नाहीत, आणि उघडल्या तर समोर पाइपांची अंधारी विहीर. आपल्या दमट हवेत खिडकी हा खोलीचा प्राण आहे. शक्यतो सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळावी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती ऊन परत देतो, आणि मग पंखा फिरतो तो गरम वारा ढवळण्यापुरता.

दुसरी गोष्ट, वास. एसी चालू करून खोली दाखवली तर तो बंद करायला सांगावे आणि पाच मिनिटे थांबावे. भिंतीतली ओल लपत नाही. कपाट उघडून आत नाक घालावे. त्यात संकोच कसला? भाजीवाल्याकडची कोथिंबीर आपण हुंगूनच घेतो ना!

तिसरी, गादी. चादर कोपऱ्याशी उचलून शिवणी पाहाव्यात. काळे बारीक ठिपके दिसले की ढेकणांचे बिऱ्हाड तेथे आपल्या आधीपासून आहे असे समजावे आणि नमस्कार करून निघावे. खोली पसंत पडली तरी सामान पलंगावर ठेवू नये.

चौथी, पाणी. नळ सोडून पाहावा, आणि पाणी चोवीस तास असते की ठरावीक वेळी, हे विचारावे. भरून ठेवलेली उघडी बादली, कुंडीखालची बशी, एसीच्या गळतीखाली ठेवलेला डबा, हे सारे रिकामे करायला लावावे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. खाडीकाठच्या गावी तर खिडकीला जाळी नसेल तर खोलीच घेऊ नये.

पाचवी, जिना. आत शिरलेल्या वाटेखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि तिच्यावर जुन्या गाद्यांचा ढीग तर नाही ना, हे पाहावे. हा प्रश्न विचारला की मालक हसतात. हसू द्यावे.

सहावी, हिशेब. दिवस बारा ते बारा धरतात की आल्यापासून चोवीस तास, हे आधीच ठरवावे. पहाटे पाचच्या गाडीने उतरणाऱ्याला या एका प्रश्नात एका दिवसाचे भाडे वाचवता येते. नुसता विसावा हवा असेल तर मोठ्या स्थानकांवर रेल्वेची विश्रामगृहे बारा तासांसाठीही मिळतात. आमच्या खोलीचे भाडे अठराशे रुपये. त्यावर पाच टक्के कर म्हणजे नव्वद. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच कर बारा टक्के होता, म्हणजे दोनशे सोळा. दोन खोल्या, पाच रात्री, मिळून अठरा हजार नऊशे. पावती मागितली की आकडा स्वच्छ होतो. ओळखपत्र म्हणून आधारच द्यावे असेही नाही. मतदार कार्ड किंवा वाहनपरवाना चालतो. आधारच द्यायचे झाले तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत मिळते, ती द्यावी.

आणि सातवी गोष्ट बायकांसाठी. दुसऱ्या रात्री व्हरांड्यात जळगावकडच्या एक बाई भेटल्या. मुलीची प्रवेशपरीक्षा होती. आधी दोन लॉजवर त्यांना “सोबत जेंट्स कोण?” असे विचारून परत पाठवले होते. मुलगी उद्याच्या परीक्षेचे पुस्तक पोटाशी धरून रात्री नऊ वाजता रस्त्यावर उभी होती. बाई सांगत होत्या, “मी शाळेत शिकवते. तीनशे मुलांची सहल घेऊन जाते. पण एका मुलीला घेऊन झोपायला जागा मिळेना.” त्यांचा आवाज शांत होता, म्हणून तो अधिक लागला. बायकांनी निघण्यापूर्वी फोन करून स्पष्ट विचारावे, देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, आणि खोलीची कडी आतून नीट बसते की नाही ते पाहावे, एवढेच मी सांगू शकते. बाकीचे सांगणे लॉजवाल्यांना आहे. ‘उत्तम सोय’ ही पाटी पुरुषांपुरती असेल तर तसे खाली लिहावे.

आता सासूबाईंविषयी. आयुष्यात त्या प्रथमच लॉजमध्ये राहत होत्या. मला धास्ती होती ती त्यांच्या मनाची. गिरगावातले त्यांचे घर म्हणजे अर्ध्या तालुक्याचा उतारा. परळच्या टाटा इस्पितळात, केईएममध्ये कोणाला दाखवायचे असले, मुंबईत कोणाला नोकरी शोधायची असली, की ट्रंक येऊन पडायची ती सासूबाईंच्या दारात. अशा बाईला उतारवयात भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे! पुतण्याचे ते वाक्य त्यांना किती लागले असेल, या विचाराने हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. लॉजवरच्या पोऱ्याने चहाचा पेला आणून दिला होता. त्या खिडकीशी खुर्चीत बसून तो सावकाश पीत होत्या. मी म्हटले, “आई, घरची आठवण येते का?”

“येते की,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा मला कोणी आयता दिला नव्हता गं. तू देतेस, पण तू कॉलेजला पळायच्या घाईत असतेस, म्हणून मला तो बसून घ्यायला लाज वाटते. हा मुलगा पैसे घेतो, चहा देतो. त्याचा मला संकोच नाही.”

मी पुतण्याचा विषय काढला. वाटले, आता तरी मन मोकळे करतील. त्या म्हणाल्या, “त्याचं काय चुकलं? त्याची बायको नोकरी करते. चार माणसं पाच दिवस घरात म्हणजे काय, ते तिला ठाऊक. माझ्याकडे दोन वर्षं तो राहिला, तेव्हा लोक म्हणायचे, ‘अण्णांचं घर म्हणजे धर्मशाळा!’ अण्णांना केवढा अभिमान. पण त्या धर्मशाळेत पहाटे पाचला चूल पेटवायला कोण उठत होतं, ते कोणी पाटीवर लिहिलं नाही.”

सासरे जाऊन वीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. ह्यांना सांगितले तेव्हा हे बराच वेळ गप्प बसले. कारण त्या घराच्या आतिथ्याच्या कथा सांगून ह्यांनी कित्येक मैफली रंगवलेल्या. त्या कथा खोट्या नव्हत्या; त्यांत एक पात्र तेवढे कायम स्वयंपाकघरात राहिले होते.

आपण जुन्या आतिथ्याचे गोडवे गातो आणि हल्लीची माणसे लॉज सुचवतात म्हणून हळहळतो. हळहळ खरी आहे. आजारी माणसाला परक्या गावात ओळखीचे दार मिळणे, याची किंमत अठराशे रुपयांत होत नाही. परंतु त्या दाराआड राबणाऱ्या बाईच्या कष्टांचीही कधी किंमत झाली नव्हती. लॉजने निदान एवढे केले, की पाहुणचाराला काहीतरी मोल पडते हे बिलावर छापून दिले. आपल्या घरी कोणी उतरावे असे मनापासून वाटत असेल, तर ते बिल घरातल्या एकाच माणसाच्या नावावर फाडू नये, इतके झाले तरी पुरे.

न्हाणीघर झाले. पावसाळा गेला, खालच्यांचे छत कोरडे आहे. मागच्या आठवड्यात त्याच पुतण्याचा फोन आला. दिवाळीत भाऊबीजेला सहकुटुंब यायचे म्हणतो. जवळ एखादी बरी खोली मिळेल का, असे अवघडून विचारीत होता. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

“खोली कशाला? घरीच ये. गाद्या आहेत, पंखा आहे. फक्त सकाळचा चहा तू करायचास. आणि मला आयता आणून द्यायचास.”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण सासूबाई हसत होत्या, आणि लगेच म्हणाल्या, “हो, आलं घालून.”