एसएलव्ही-3 चं मॉडेल बघताय? मग त्याच्या पोटातही डोकवा

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं आणि तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन झाला. तेव्हापासून ऑगस्ट आला की शाळांत रॉकेटच्या मॉडेल्सची लगबग असते. थुंब्याचं इस्रोचं संग्रहालय भोकरदनपासून हजार किलोमीटरहून लांब आहे. आमच्याकडच्या पोरांसाठी शाळेतलं थर्माकोलचं मॉडेल, किंवा नशीब असेल तर इस्रोची फिरती प्रदर्शन-बस, हेच पहिलं रॉकेट. म्हणूनच मॉडेल काय लपवतं, हे बघायला हवं.

एसएलव्ही-3 घ्या. 18 जुलै 1980 ला याच रॉकेटने श्रीहरिकोट्याहून रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. उंची 22 मीटर, वजन 17 टन. 1:10 मापाचं मॉडेल केलं तर उंची 2.2 मीटर. आणि वजन? 1.7 टन म्हणाल तर चुकलात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट घटतात, म्हणजे वजन हजारपट घटतं. 17 किलो! रोहिणी 35 किलोचा होता, तो उरतो 35 ग्रॅम. तुमच्या हातातल्या फोनचा साधारण पाचवा भाग.

मग बाकीचं काय? त्या 17 किलोंतलं सुमारे 13 किलो नुसतं इंधन. चारही टप्पे घन इंधनाचे होते, आणि थुंब्यात ते इंधन विकसित करण्याच्या कामाचं नेतृत्व आपल्या वसंत गोवारीकरांनी केलं. पण आपली मॉडेल्स आतून पोकळ! पोराला वाटतं, रॉकेट म्हणजे टोकदार पाइप. वर तिरंगा चिकटवला की झालं.

दुसरी गोष्ट तर मॉडेलजवळच्या पाटीवरही क्वचितच असते. 10 ऑगस्ट 1979 चं पहिलं उड्डाण फसलं होतं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल गळून गेलं, रॉकेट भरकटलं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. अब्दुल कलाम प्रकल्पप्रमुख होते. वर्षभराच्या आत तीच टीम पुन्हा लाँचपॅडवर होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडला की अपडेट सोडतो. इथे अख्खं रॉकेट नव्याने बांधावं लागतं.

यंदा मॉडेल करणार असाल तर ते एका बाजूने उभं कापा. चारही टप्प्यांतल्या इंधनाला एकच भडक रंग द्या, टोकाला चार साधे पेन बांधा (होतात साधारण 35 ग्रॅम), आणि पाटीवर 1979 ही तारीख 1980 च्या आधी लिहा.