उंच उडी आणि खालची गादी

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक मैदानी स्पर्धेत सर्वेश कुशारेने २.२८ मीटर उडी मारून सहावा क्रमांक मिळवला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या या मुलाचे कौतुक रीतसर झाले. ज्यांनी त्याला घडवले त्यांच्याकडे मात्र समाजाचे लक्ष नेहमीप्रमाणे उशिरा गेले. त्यांतले एक जितिन थॉमस. हा केरळी उडीपटू २०१३ साली पुण्याच्या बालेवाडीत आशियाई पदकाचा मानकरी ठरला आणि पुढे सर्वेशचा प्रशिक्षक झाला. दुसरे गावच्या शाळेतील क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव. त्यांनी पोत्यांत मक्याचा भुसा भरून पोरासाठी गादी रचली!

ही गादी म्हणजे चैन नव्हे. १९६८ साली मेक्सिकोत डिक फॉसबरीने पाठीवर उलटून दांडी ओलांडली, सुवर्णपदक जिंकले आणि या खेळाची तऱ्हाच पालटली. पाठीवर पडायचे तर खाली जाड गादी हवी. नाहीतर मान मोडायची. स्पर्धेच्या नियमानुसार ती किमान सहा मीटर लांब व चार मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे २५८ चौरस फूट. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ साली एका कुटुंबाला देऊ केलेले घर २२५ चौरस फुटांचे होते. मुलुंड-घाटकोपरच्या पोराने गादी घरात पसरावी तरी कुठे? ती शाळेतच हवी, आणि तिच्याशेजारी शिकवणारा माणूसही.

इथेच खरी मेख आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सांगितले; पण सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असली तरी शारीरिक शिक्षणासाठी सांगितला तो अंशकालीन निदेशक. गणिताला पूर्ण शिक्षक, शरीराला अर्धा! उडीपटूची कारकीर्द पस्तिशीच्या आत-बाहेर संपते. गुडघे कुरकुरू लागतात, पण धावत येऊन कितव्या पावलावर पाय रोवायचा, हे ज्ञान तेव्हाच परिपक्व झालेले असते. ते तासावारी मानधनावर कोण देईल? मग असा माणूस नोकरीच्या टेबलाशी बसून राहतो, आणि त्याची विद्याही तिथेच बसून राहते.

अंधेरी, बोरिवलीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील महापालिका शाळांत जाऊन एवढेच विचारावे: पूर्णवेळ, कायम क्रीडाशिक्षक किती? आणि तो आकडा घेऊन विभाग कार्यालयाच्या दारात उभे राहावे.