आधी पाणवठा, मग प्रवास

प्रवासाचे साधन बदलले की वाटेवरचा पाणवठाही बदलतो. बैलगाडीला विहीर आणि सावली लागे, मोटारीला पेट्रोल पंप लागला. विजेच्या वाहनाला चार्जिंग केंद्र लागते. या क्रमात वाहन पुढे गेले आणि पाणवठा मागे राहिला, तर काय घडते याचा धडा भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवरील नागपुरातच मिळाला आहे. मे २०१७ मध्ये तेथे ओला कंपनीने सुमारे २०० वाहनांचा विद्युत टॅक्सी उपक्रम सुरू केला. केंद्रे मोजकी असल्याने रांगा लागल्या. रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेले भाडे. वर्षभराच्या आतच काही चालकांनी ती वाहने परत करून पुन्हा डिझेलची वाट धरली.

भंडारा जिल्ह्यातील व्यापाऱ्याने या अनुभवातून एक भेद ध्यानी घ्यावा. त्याची वाहतूक दोन प्रकारची असते. तुमसरच्या बाजारपेठेतून आसपासच्या गावांत जाणारा किराणा, भंडाऱ्यातील दुकानातून घरोघर पोहोचणारा माल, वरठीच्या रेल्वे स्थानकावरून शहरात येणारी पार्सले, ही पहिली. येथे अंतर ठरलेले असते आणि वाहन रात्री मुक्कामाला गोदामातच परतते. अशा वाहनाला सार्वजनिक केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याचा पाणवठा मालकाच्याच अंगणात आहे.

हिशेब सरळ आहे. मालवाहू तीनचाकी रात्री १० युनिट वीज घेऊन दिवसात ८० किलोमीटर धावली आणि युनिटला १० रुपये धरले, तर किलोमीटरला सव्वा रुपया पडतो. डिझेलची तीनचाकी लिटरला ३० किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये आहे असे धरले, तर तोच खर्च ३ रुपये होतो. मात्र बॅटरीची हमी किती वर्षांची, दुरुस्तीची सोय जिल्ह्यात आहे की नागपूरला जावे लागेल, हे विचारल्यावाचून हा हिशेब पूर्ण होत नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहन आणि चार्जर या दोहोंवर जीएसटी ५ टक्के आहे.

दुसरी वाहतूक राष्ट्रीय महामार्ग ५३ वरची. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करीत रायपूरकडे जाणाऱ्या या मार्गावर वाटेतील केंद्रावाचून भागत नाही. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. उद्दिष्ट कागदावरून रस्त्यावर येण्यास जागा लागते, आणि महामार्गालगतची जागा पुष्कळदा व्यापारी कुटुंबांच्याच हाती असते. चार्जिंग केंद्र चालविण्यास वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र जलद चार्जरला मोठा वीजभार लागतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी महावितरणकडे भारमंजुरी, रोहित्राची क्षमता आणि लागू होणारा दर यांची चौकशी करावी.

गोदामातही सावधगिरी हवी. चार्जरसाठी स्वतंत्र वायर, योग्य अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. एक्स्टेन्शन बोर्डावर काम भागवू नये. बारदान, तूस, पुठ्ठा यांच्या शेजारी वाहन लावू नये. विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी परतलेले वाहन सावलीत थोडे निवू द्यावे, मगच चार्जिंगला लावावे.

वाटसरूंसाठी पाणपोई घालण्याची चाल व्यापारी घराण्यांत जुनी आहे. पाणपोई घालताना रांजण मांडण्याआधी पाण्याची सोय पाहिली जाते. विजेच्या वाहनाचेही तसेच आहे: प्रथम आपल्या गोदामातला एक सुरक्षित चार्जर, मग रोजच्या फेरीचे एक वाहन, आणि त्या दोहोंचा वर्षभराचा जमाखर्च वहीत उतरल्यावर महामार्गाचा विचार.