चेन्नईचा सरंजाम

कामानिमित्त चेन्नईस जाणारा आपला मुंबईकर गृहस्थ दसऱ्यानंतर छत्री माळ्यावर टाकून निर्धास्त होतो. परंतु ईशान्य मोसमी पावसाचा तेथील मुक्काम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि २०१५ च्या डिसेंबरात तर त्याने मीनंबाक्कमचा विमानतळच काही दिवस बंद पाडला होता, याचे त्यास सोयीस्कर विस्मरण घडते. विमानातील हातसामानाच्या सात किलोंच्या मर्यादेत कोट कोंबण्यापेक्षा (त्या दमट हवेत तो प्रतिष्ठेपेक्षा घामच अधिक वाढवितो) दोन सुती सदरे, छत्री आणि कामाचे दप्तर एवढा सरंजाम माझ्या मते पुरेसा आहे. लॅपटॉप मात्र वरच्याच कप्प्यात असावा, कारण तपासणीच्या वेळी तळातून तो उपसणाऱ्याच्या मागे खोळंबलेल्या रांगेची मुद्रा प्रेक्षणीय नसते. उतरल्यावर टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालण्याचेही प्रयोजन नाही. २०१६ पासून विमानतळापर्यंत आलेली मेट्रो गिंडी, सैदापेट, तेनामपेट करीत थेट सेंट्रलला पोहोचविते.