पंधराव्या दिवशी कोण जाणार?

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागते. भोवती भातशेती आणि विखुरलेली खेडी. अशा खेड्यात एखाद्या ख्रिस्ती घरात मृत्यू झाला की दोन दिवस घर भरलेले असते. पाळक येतात, प्रार्थना होते. पंधराव्या दिवशी मात्र सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि घरात आई एकटी उरते. पाळकांकडे गावे पुष्कळ. मग तिच्याकडे जायचे कोणी?

याचे एक उत्तर तंजावरातच, मराठा राजांच्या काळात सापडते. सरफोजीराजे दुसरे ज्यांना पित्यासमान मानत, ते जर्मन मिशनरी श्वार्ट्झ १७७८ पासून तंजावरात राहिले. सगळीकडे एकट्याने पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी तमिळ उपदेशक तयार केले. सकाळी एकत्र प्रार्थना करून ते गावोगाव जात. संध्याकाळी परतल्यावर कोण भेटले, काय बोलणे झाले, ते श्वार्ट्झना सांगत. शिकणे असे रोजच्या कामातूनच होई.

१९७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात केनेथ हॉक या पाळकांनी आपल्या मंडळीतल्या काही प्रापंचिकांना असेच शिकवले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञही होते. त्यातून 'स्टीफन मिनिस्ट्रीज' उभी राहिली. बायबलमध्ये विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडले गेले, त्यांतल्या स्तेफनाचे हे नाव.

अशा प्रशिक्षणात मुख्य शिकायचे असते ते ऐकणे. "देवाची इच्छा होती", "रडू नका" ही वाक्ये बहुधा आपली अस्वस्थता झाकतात; समोरच्याचे दुःख त्याने हलके होत नाही. त्यापेक्षा "त्यांच्याबद्दल सांगा ना" म्हणावे आणि गप्प बसावे. प्रार्थना करायची तर आधी विचारावे.

दुसरी गोष्ट, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. प्रार्थनासभेत 'अमक्यासाठी प्रार्थना करा' म्हणत घरचे भांडण चव्हाट्यावर आणणे हीसुद्धा चहाडीच.

तिसरी गोष्ट, आपली मर्यादा ओळखणे. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर ते गुपित ठेवायचे नाही. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच कळवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि श्वार्ट्झची ती संध्याकाळ विसरू नका. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्यालाही मन मोकळे करायला जागा लागते. म्हणून स्वयंसेवकांनी ठराविक दिवशी अनुभवी मार्गदर्शकाला भेटावे. तिथेही नावे न घेता बोलता येते.

तुमच्या मंडळीत चार-पाच जण तयार असतील, तर पाळकांशी बोलून या महिन्यातच सुरुवात करा. आणि तोवर? गेल्या महिन्यात ज्या घरी तुम्ही सांत्वनाला गेला होता, तिथे या आठवड्यात पुन्हा एकदा जाऊन या.