जन्मवर्षाचा रकाना

गेल्या महिन्यात माझा अकरा वर्षांचा नातू मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. "आजोबा, खाते उघडायचे आहे, पण खरे जन्मवर्ष घातले की वय बसत नाही. दोन वर्षे वाढवून लिहू का? वर्गातल्या सगळ्यांनी तसेच केले आहे." वर्तमानपत्रातून मान वर न काढता मी "लिही" म्हणालो. रात्री मात्र झोप लागेना. बँकेतील सेवाकाळात अज्ञान खातेदाराचा जन्मदाखला मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही. आणि घरच्या मुलाला मात्र खोटे वर्ष घालू दिले!

बँकेतील ती अट मुलाच्या हुशारीवर अविश्वास म्हणून नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही. त्याच आधारे १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने करून दिलेले गहाण मुळातच निरर्थक ठरवले. ज्याला होकाराचे परिणाम कळत नाहीत, त्याच्या होकाराचा कोणी लाभ उठवू नये, हा त्यामागचा विचार.

संकेतस्थळावर खाते उघडणे हाही करारच असतो. तेथे पैशाऐवजी आपली माहिती द्यावी लागते : नाव, छायाचित्र, ठिकाण, आवडीनिवडी. तेरा वर्षांची अट बहुतांशी अमेरिकेतून आली. तेथील १९९८ चा कायदा एप्रिल २००० पासून लागू झाला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेणे त्याने बंधनकारक केले. अशी संमती मिळवणे खर्चाचे व किचकट. म्हणून अनेक कंपन्यांनी लहान मुलांना प्रवेशच नाकारला. म्हणजे तेरा हा आकडा 'आता सर्व सुरक्षित आहे' असे सांगत नाही. नियम मोडल्यास किंमतही मोठी असते : पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये गूगल व यूट्यूबने सतरा कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर ही मर्यादा अठरा वर्षे मानली असून, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्यास मनाई केली आहे.

हे संरक्षण टिकते ते जन्मवर्षाच्या त्या एका रकान्यावर. वर्ष खोटे लिहिले की फसतो तो आपलाच मुलगा. हिशेब साधा आहे : आज दोन वर्षे वाढवली, तर नातू सोळा वर्षांचा असताना ते संकेतस्थळ त्याला अठराचा सज्ञान समजेल. प्रौढांसाठीच्या जाहिराती आणि मजकूर त्याच्यापुढे येऊ लागतील, आणि त्या चुकीच्या नोंदीला मूळ संमती माझी असेल.

सकाळी त्याला जवळ बसवून मी म्हणालो, "बाळा, काल चूक माझी झाली." आम्ही दोघांनी मिळून ते खाते बंद केले. दोन दिवस स्वारी माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला बँकेत नेले. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली आहे. मर्यादा बँक ठरवते. काउंटरवर त्याने स्वतः अर्ज भरला. जन्मतारखेच्या रकान्याशी तो क्षणभर थांबला, माझ्याकडे पाहून हसला आणि खरे वर्ष लिहिले.